गूळ कमी पडला तो दिवस

माझा देवीवर विश्वास होता, पण तिच्यावर भार टाकून गप्प बसणं मला कधी जमलं नाही. ह्यांना रक्ताचा कॅन्सर निघाला आणि जुईनगरच्या आमच्या घरात सगळं लक्ष वजनकाट्याकडे लागलं. डॉक्टरांनी बजावलं होतं, "वजन असंच उतरत गेलं तर पुढची केमो शरीराला सोसणार नाही. खाऊ घाला." मी घरी येऊन गावच्या देवीला नवस बोलले, की हे सावरले तर ह्यांच्या वजनाइतका गूळ तुला वाहीन. एवढ्यावर थांबावं ना! पण स्वभाव आगाऊ. मंगळवार-शुक्रवार दोघं कडक उपास करू, असंही बोलून बसले.

हे हसले. "मी वाळलो की तुझा गूळ वाचेल बघ." पण माझा शब्द मोडला नाही. आधीच तोंडाची चव गेलेली, त्यात आठवड्याचे दोन दिवस नुसता चहा आणि केळं. डॉक्टरांनी विचारलं, "जेवतात ना नीट?" की मी ठणकावून सांगायची, "हो तर!" एकदा काट्यावर चढताना ह्यांच्या खिशात किल्ल्यांचा जुडगा आणि आमचे दोन्ही मोबाइल सापडले. मला बरं वाटावं म्हणून भरले होते. मी आधी चिडले आणि मग बाथरूममध्ये जाऊन रडले.

पुढच्या मंगळवारी दवाखान्यात नंबराची वाट बघत होतो. शेजारी उरणची एक मुसलमान बाई होती, आजारी भावाला घेऊन आलेली. तिनं डबा उघडला आणि तांदळाची मऊ भाकरी, मुगाची आमटी ह्यांच्यापुढेही धरली. ह्यांनी माझ्याकडे पाहिलं, लहान पोर परवानगी मागतं तसं. मी म्हटलं, "आज उपास आहे त्यांचा."

"बाय गो," ती म्हणाली, "आमच्यात रोजापन आजारी मानसाला माफ हाय. तुजी देवी तर आई हाय. ती ह्याला उपाशी ठेवंल?"

मी कानकोंडी झाले. माझ्याच हातानं भाकरी मोडून ह्यांना दिली. हे अर्धी भाकरी जेवले. तेवढ्यात तिच्या भावाला आत बोलावलं आणि ती गेली. नाव विचारायचं राहिलं, पुन्हा कधी दिसली नाही. त्याच दिवशी मी डॉक्टरांना उपासाचं खरं सांगून टाकलं. ते रागावले, आणि बरोबरच होतं त्यांचं.

मग हे हळूहळू वजन धरू लागले, केमो पूर्ण झाली. तपासण्या अजून चालूच आहेत, पुढचं मला ठाऊक नाही. मी आता देवीला अटी घालत नाही. माणूस तिच्या पदरात टाकते आणि भाताला तूप वाढते.

नवस फेडायला गावी गेलो. दवाखान्याच्या मागच्या महिन्याच्या कागदावर होतं तेवढं वजन धरून गूळ नेला होता. तराजूत बसण्याआधी ह्यांनी आपणहून खिसे रिकामे करून किल्ल्या माझ्या हातात दिल्या. सगळ्या ढेपा चढल्या, तरी ह्यांचं पारडं उठेना. गुरव म्हणाले, "वहिनी, गूळ कमी पडला."

मला हसू आवरेना, रडूही आवरेना. म्हटलं, "पडू दे हो, पडू दे! आणते अजून."