दाराजवळचं टेबल

अण्णांनी पस्तीस वर्षं शाळेत काढली, पण वर्गात फळ्याजवळ गेले ते फक्त फळा पुसायला. ते शाळेचे शिपाई होते. घंटा, फाटक, पाण्याची टाकी, मुख्याध्यापकांचा चहा आणि कुणा पोराने उलटी केली तर तिच्यावर टाकायची माती, हे सगळं त्यांचं खातं. त्यांची लेक त्याच शाळेत शिकली. ती फाटकातून आत येताना अण्णा मुद्दाम दुसरीकडे बघत, मैत्रिणींपुढे पोरीला ओशाळल्यासारखं व्हायला नको म्हणून.

निवृत्तीनंतर ते परदेशात याच लेकीकडे सहा महिन्यांसाठी आले आणि पंधरवड्यात घरातल्या सगळ्या बिजागऱ्यांना तेल घालून मोकळे झाले. रिकामा माणूस घरात बसला की दिसेल ते दुरुस्त करत सुटतो. एक दिवस जावयाने आपली धडधाकट इस्त्री अण्णांनी सुटी करून वर्तमानपत्रावर मांडलेली पाहिली आणि बायकोकडे नुसतं बघितलं. दुसऱ्याच दिवशी लेकीने वस्तीच्या सभागृहातून एक फॉर्म आणला. तिथल्या केंद्रात शाळा सुटल्यावर, आईबाप कामावरून येईपर्यंत मुलं थांबत. त्यांच्याबरोबर बसायला बिनपगारी माणसं हवी होती. फॉर्म लेकीने भरला, अण्णांनी न वाचताच खाली सही ठोकली.

पहिल्या दिवशी केंद्राच्या बाईंनी त्यांना दाराजवळच्या टेबलाशी नेलं. भोवती सहा पोरं बसलेली, सगळ्यांपुढे गणिताच्या वह्या. "हे तुमचं टेबल," बाई म्हणाल्या.

अण्णांनी वह्यांकडे पाहिलं. सातवीला गणितात गटांगळ्या खाऊन शाळा सोडलेला हा माणूस! मग त्यांच्या डोक्यात उजेड पडला. लेकीने फॉर्मवर 'शिक्षक' लिहिलं असणार, दुसरं काय? इथे तिचं ऑफिस, तिचे शेजारी. बाप शिपाई होता हे कशाला सांगत बसेल पोर? त्यांना राग आला नाही, पण वाईट वाटलं, फार वाटलं. तरी तिला विचारून तिची मान खाली घालायला लावणं त्यांच्याने झालं नसतं. झाकली मूठ सव्वा लाखाची, म्हणून ते गप्प बसले.

पण आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? मग आड भरणं सुरू झालं. दुपारी घरात कुणी नसताना अण्णा वाचनालयातून आणलेलं चौथीचं गणिताचं पुस्तक उघडत आणि बटाटे कापून अर्धा, पाव, पाऊण समजून घेत. त्या दिवसांत जावयाला जेवायला रोज बटाटाच मिळाला. बिचारा काही बोलला नाही. इस्त्री वाचली होती ना!

संध्याकाळी टेबलाशी त्यांची एकच युक्ती असे. मोडक्यातोडक्या भाषेत ते म्हणत, "मला नाही कळलं. तू सांग समजावून." तिथली एक पोरगी प्रत्येक गोष्टीवर वाद घालायची, तिचं नाव त्यांनी मनातल्या मनात 'वकिलीणबाई' ठेवलं होतं. अण्णांना समजावता समजावता ती स्वतःच भागाकार शिकली. कुणाचा डबा न उघडताच परत चाललाय, कोण आज रडून आलंय, हे मात्र अण्णांना कुणी समजावून सांगावं लागत नव्हतं. चेंडूमागे एखादं पोर रस्त्याकडे सुटलं तर वहीवरची नजर न हलवता त्यांचा हात दारात आडवा जाई.

चौथ्या महिन्यात बाई म्हणाल्या, "उद्या मुख्य कचेरीतून तपासायला माणसं येणार आहेत. सगळ्यांचे फॉर्म बघतील."

अण्णांना तो फॉर्म आठवला. फॉर्मवर सही त्यांची असली तरी अक्षर लेकीचं होतं. परक्या मुलखात पोरीला कुणी जाब विचारला तर? दुसऱ्या दिवशी ते तासभर आधी जाऊन बाईंपुढे उभे राहिले.

"बाई, मी शिक्षक नाही. शाळेत शिपाई होतो, घंटा वाजवायचो. मुलीला खोटं लिहायला मीच सांगितलं. तिला काही बोलू नका."

बाईंनी कपाटातून फॉर्म काढला आणि ओळींखाली बोट ठेवत सावकाश वाचला.

"काम, शाळेचे शिपाई. पस्तीस वर्षं. त्यांना शिकवता येणार नाही, पण ते दाराशी असले की एकही मूल हरवत नाही. मी त्यांची मुलगी, त्यांच्याच शाळेत होते."

अण्णा खुर्ची ओढून बसले. जीव भांड्यात पडला.

"मग ते गणिताचं टेबल?" त्यांनी विचारलं.

"ते दाराजवळचं टेबल आहे. तिथली पोरं सारखी रस्त्यावर पळायची, म्हणून तर तुम्हाला तिथे बसवलं. वह्या त्यांच्या त्यांनी करायच्या असतात. तुम्ही इतकं मन लावून विचारायला लागलात, मला वाटलं तुम्हाला गणिताची हौस आहे!"

अण्णा डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. केवढे बटाटे वाया गेले!

संध्याकाळी तपासणी आटोपली, मुलं एकेक करून घरी निघाली. ऑफिसातून परस्पर लेक त्यांना न्यायला आली, तेव्हा अण्णांनी तिला सगळं सांगितलं. आधी तीही हसली. मग म्हणाली, "अण्णा, शाळेत फाटकाशी तुम्ही माझ्याकडे कधीच का बघायचा नाहीत? मी सगळ्या मैत्रिणींना सांगितलं होतं, ते माझे वडील म्हणून. आणि तुमची मान आपली तिकडे."

तेवढ्यात वकिलीणबाई दप्तर पाठीला लावून दारात आली आणि वर बघत उभी राहिली. "ही कोण?"

फाटकावर नावं पुकारताना लावायचे तसा मोठा आवाज लावून अण्णा म्हणाले, "ही माझी मुलगी."