डांबिस कोण?

आईने नुकत्याच पुसलेल्या फरशीवर धाकट्या भावाच्या चिखलाच्या पावलांची रांग उमटली.

"डांबिस मेला! फरशी काय तुझ्या सासऱ्यानं घातलीय?" आई म्हणाली.

तो हसत तसाच स्वयंपाकघरात गेला. त्याच्या मागोमाग आणखी दोन-चार शिव्या गेल्या आणि मला त्याचा हेवा वाटला.

डांबिस हा शब्द आला कुठून, हे नक्की कुणाला सांगता येत नाही. कुणी म्हणतं, गोरा साहेब 'डॅम बीस्ट' म्हणून खेकसायचा, त्याचंच हे रूप. कुणाला ते मुळीच पटत नाही. एकदा आईला विचारलं, तर म्हणाली, "माझी सासू म्हणायची. तिला कुणी शिकवलं ते तिलाच ठाऊक." आमच्या घरात पिढीजात दागिना एकही नव्हता, हा शब्द तेवढा उतरत आला. आता तो एकट्या भावाकडे गेला आहे.

लहानपणी तो माझाही होता. आईने लोकांच्या शेतात खुरपून मला शिकवलं, त्याबद्दल मी जन्मभर कृतज्ञ आहे. पण घरातली पहिली पदवी मी आणली, त्या दिवसापासून ती माझ्यावर एकदाही खेकसलेली नाही.

मी अंगणात उतरले, चपला चिखलात नीट बुडवल्या आणि फरशीवरून चालत आत आले.

"असू दे गं," फडकं हातात घेत आई म्हणाली. "मी पुसते. तू खुर्चीवर बस."