बिनखुराकाचा गट

कवठे येमाईच्या ग्रामपंचायतीत चिठ्ठ्या काढल्या तो दिवस मला नीट आठवतो, कारण चिठ्ठ्या मीच लिहिल्या होत्या. निम्म्यांवर ‘खुराक’, निम्म्यांवर ‘बिनखुराक’. घड्या घालून स्टीलच्या डब्यात टाकल्या आणि डबा बायांपुढं फिरवला.

शेतीची पदवी घेऊन मी तेव्हा शेळ्यांच्या आहारावरच्या एका संशोधन प्रकल्पात लागले होते. आमचं गाव कासुर्डी. घरी फुलांची शेती आणि दोन गाई. शेळी आमच्या दारात कधी बांधली नव्हती. शिरूरला खोली घेऊन राहायचे आणि स्कूटीवरून तालुक्यातली कोरडी गावं फिरायचे. प्रकल्पाचे प्रमुख असलेले सर स्वतः शेळ्यांमागं हिंडून शिकलेले. त्यांचा प्रश्न साधा होता. भर उन्हाळ्यात गाभण शेळीला शेवटचा दीड महिना मक्याचा भरडा, पेंड आणि खनिज मिश्रण दिलं, तर करडं किती वजनाची होतात आणि किती जगतात? हे कळायचं तर काही शेळ्यांना ते द्यायचं नाही. त्यांनी नेहमीसारखं रानात चरायचं, घरी जो पाला-कडबा असेल तो खायचा. त्यांच्या मालकिणींना खुराकाची पोती प्रयोग संपल्यावर मिळणार होती.

डब्यातून ‘बिनखुराक’ काढणाऱ्यांत एक मावशी होत्या. पन्नाशीच्या, काटक, कमी बोलणाऱ्या. तीन गाभण संगमनेरी शेळ्या होत्या त्यांच्याकडं. चिठ्ठी वाचायला त्यांनी माझ्याच हातात दिली. मी वाचून दाखवली तशी त्यांनी ती परत मागून घेतली आणि कनवटीला खोचली. शेजारीच त्यांच्या जावेचं घर. जावेला ‘खुराक’ निघाला होता.

दर मंगळवारी मी वजनं घ्यायला जायचे. जावेच्या ओट्यावर पोतं उतरवायचं, तिच्या शेळ्या मोजायच्या, मग कुंपण ओलांडून मावशींकडं. त्यांच्या शेळ्या पोत्याच्या वासानं कुंपणाशी येऊन ओरडायच्या. मावशी त्यांना ओढून पलीकडच्या बाभळीला बांधायच्या. वजनकाट्याचा पट्टा शेळीच्या पोटाखालून घालताना त्या शेळीचं तोंड स्वतःच्या कमरेशी धरून उभ्या राहायच्या. इतक्या घरांत मी जायचे, पण आकडा काय आला हे दर वेळी विचारणाऱ्या त्या एकट्याच. लिहिता येत नव्हतं, पण तिन्ही शेळ्यांचे मागचे आकडे त्यांना पाठ असायचे. एका बैठकीत मी सगळ्यांसमोर म्हणाले होते की प्रयोग कसा सांभाळावा ते मावशींकडून शिका. त्या खाली बघत पदर नीट करत राहिल्या होत्या.

चौथ्या आठवड्यात त्यांच्या थोरल्या शेळीचं वजन उतरलं. पोट वाढत होतं आणि वजन उतरत होतं. पाठीवरून हात फिरवला तर कण्याचा मणी न् मणी लागत होता. पोटात जुळं आहे हे हातानंच कळत होतं. जुळं असलं आणि पोटाला पुरेसं मिळालं नाही, तर शेळी स्वतःच्या अंगातली चरबी जाळायला लागते, आणि त्यातून ती आजारी पडते. मी हे पुस्तकात शिकले होते, परीक्षेत लिहिलंही होतं.

मी रस्त्यावर येऊन सरांना फोन केला. मी विचारलं, या एका शेळीला खुराक सुरू करू का. सरांनी मला समजावलं. आज ही, उद्या दुसरी. जी जी खालावेल तिला खाऊ घातलं तर बिनखुराकाचा गट उरणारच नाही. पुरावा नसेल तर सरकार गाभण शेळ्यांसाठी एक किलो भरडाही देणार नाही, आणि दर उन्हाळ्यात अशाच शेळ्या मरत राहतील. आजारी पडली तर उपचार करायचे, डॉक्टर बोलवायचे, पण खुराक नाही. त्यांचं म्हणणं मला पटलं. पटलं नसतं तर आज ही गोष्ट सांगणं सोपं गेलं असतं. जावेच्या वाट्याचं आणखी एक पोतं माझ्या स्कूटीला बांधलेलं होतं. ते उतरवून दिलं आणि मी पुढच्या घरी गेले.

पुढच्या रविवारी सकाळी मावशींचा फोन आला. शेळी उठत नाही म्हणाल्या. मी पोचले तेव्हा ती गोठ्यात मान पोटाकडं वळवून पडली होती. पाय सुजलेले, डोळे उघडे पण नजर कशावर नाही. तिच्या तोंडाशी वाकले तर श्वासाला पिकल्या फळासारखा गोडसर वास येत होता. पुस्तकात लिहिला होता तसाच. डॉक्टर आले, सलाईन लावलं, ग्लुकोज दिलं. मावशी गुळाचं पाणी बोटानं तिच्या गालफडात सोडत राहिल्या. दोन दिवस तसे काढले. तिसऱ्या दिवशी सकाळी ती गेली.

सरांनी शवविच्छेदन करायला सांगितलं होतं. डॉक्टरांनी बाभळीखाली पोट उघडलं. आत दोन करडं, एक पाट आणि एक बोकड, अंगावर केस आलेले, पुऱ्या दिवसांना आलेले. माझ्या तक्त्यात जन्मवजनाचा रकाना होता. मी झोळीचं फडकं काढलं आणि काटा फांदीला अडकवला. हे करायची गरज होती का, हे मी आजही स्वतःला विचारते. मावशी पुढं आल्या आणि नेहमी शेळी धरायच्या तसं फडक्याचं दुसरं टोक धरलं. दोघांची वजनं झाली. मी लिहून घेतली.

“किती भरली?” त्यांनी विचारलं.

मी सांगितलं. त्या म्हणाल्या, “जावंच्या शेळीची करडं परवा झाली, ती याच्या दुप्पट हायेत.”

खड्डा करून, वर मीठ टाकून, दगड ठेवून झाल्यावर त्यांनी माझ्या हातावर पाणी घातलं. मग त्यांनी सांगितलं ते मला अजून जसंच्या तसं आठवतं.

“जाऊ म्हनली व्हती, मूठ मूठ घाल, कोन बघतंय. म्या न्हाई घातलं. तुमचं लिखान खोटं पडलं असतं.”

पुढं त्यांनी विचारलं, “तुम्हाला आदीच म्हाईत व्हतं का, असं व्हतं म्हनून?”

“होऊ शकतं, हे माहीत होतं,” मी म्हणाले.

त्यांनी मान हलवली. उरलेल्या दोन शेळ्यांना पाणी दाखवायला निघून गेल्या.

त्याच आठवड्यात खरं काय ते मला दुसऱ्या एका बाईच्या ओट्यावर कळलं. तीही बिनखुराकाच्या गटातली. मावशींच्या शेळीचा विषय निघाला तशी ती सहज बोलून गेली की सगळ्याच जणी थोडं थोडं घालतात. कुणी शेजारणीकडून, कुणी घरातली ज्वारी, कुणी भाकरीचा चुरा. एवढं कुणी नेमानं धरतं का? एक तीच खुळी. मी घरोघर जाऊन पुन्हा विचारलं, या वेळी वही न काढता. बहुतेकींनी कबूल केलं. म्हणजे आमचा बिनखुराकाचा गट खऱ्या अर्थानं जवळजवळ मावशींच्या एका अंगणातच होता.

सरांना मी हे समोर बसून सांगितलं. त्यांनी चष्मा काढून ठेवला आणि बराच वेळ डोळे चोळले. म्हणाले, अहवालात लिहू, काही शेळीपालकांनी नियमाबाहेर खाऊ घातल्याची शक्यता आहे. तशी एक ओळ लिहिली गेली. तरीही दोन गटांतला फरक दिसत होता, आणि निष्कर्षही बरोबरच निघाला: खुराकानं करडं जगतात. थोरली शेळी तक्त्यात एका क्रमांकानं होती, पुढच्या रकान्यात ‘मृत’.

पावसाळ्याच्या तोंडाशी मी ठरलेली पोती वाटायला गेले. मावशींच्या दोन्ही शेळ्या व्याल्या होत्या, एकेक करडू, दोन्ही जगलेली. चहा पिताना त्यांनी विचारलं, काय निघालं त्यातून. मी म्हणाले, गाभण शेळीला खुराक दिला तर करडं दणकट होतात.

“ते तर आमाला बी ठाव व्हतं,” त्या म्हणाल्या. “घालायला नसतं म्हनून घालत न्हाई. ते सोडून माझ्या शेळीनं काय सांगितलं?”

मी सांगू लागले की आता मोजून दाखवता येईल, वरची माणसं ऐकतील, योजना होईल. बोलता बोलता माझ्याच लक्षात आलं की मी सरांचं फोनवरचं बोलणं परत करतेय. मी थांबले. पोतं दोघींनी धरून आत नेलं.

योजना अजून झालेली नाही. मी मात्र त्याच कामात आहे. त्याच्या पुढच्या वर्षी दौंड तालुक्यात कोंबड्यांच्या आहाराचा प्रयोग ठरला, तेव्हा मी सरांना म्हणाले की आजारी जनावर त्याच दिवशी प्रयोगातून बाहेर काढायचं आणि त्याला पोटभर घालायचं, हे आधी कागदावर लिहा. आमचा वाद झाला. त्यांनी आठवडाभरानं ते लिहिलं.

तिथल्या एका गावातल्या पहिल्या बैठकीत मी डबा फिरवण्याआधी बायांना उभं राहून सांगितलं: ज्यांना ‘बिनखुराक’ निघेल त्यांची पाखरं कमी वाढतील, काही मरतीलही, आणि हे आम्हाला आत्ताच माहीत आहे. मागच्या रांगेतली एक बाई पदर सावरत उठली, तिच्यामागं आणखी दोघी, आणि बघता बघता निम्मी सतरंजी रिकामी झाली. बाहेर येऊन मी सरांना फोन लावला आणि लोक कमी पडतील म्हणाले.

“पडू दे,” ते म्हणाले.