आखूड काडतुसाचं पेटंट

"आखूड कर म्हणालो मी. जाड कर म्हणालो तेही मीच."

"जबान तुमारी, अण्णा. लेथ मशीन मेरी, हात मेरा."

आमच्या बंदुकांच्या दुकानात आमचे मालक, म्हणजे माझे यजमान अण्णा, आणि त्यांचे भागीदार युसूफभाई भांडत होते. मध्ये टेबलावर बोटाएवढं बुटकं पितळी काडतूस. आत दारू नाही, दोघांनी पूर्वी हौसेनं केलेला नमुना. आता दुकान विकलं, दोघंही गेले. किस्से तेवढे लुगड्याला कुसळं चिकटावीत तसे मला चिकटलेत.

*

भांडण पेटवलं एका अमेरिकन मासिकानं. मी शाळा चौथीत सोडली, इंग्रजी शिकले ते बंदुकांच्या कॅटलॉगवर, त्यामुळं वाचून दाखवायचे मीच. तिकडं एका शिकाऱ्यानं आखूड मॅग्नम, म्हणजे जादा जोराच्या, काडतुसाच्या आकाराचं पेटंट घेतलं. मोठ्या कंपनीनं तसलीच काडतुसं विकली. गडी कोर्टात गेला, कंपनीला तडजोड करावी लागली.

"हे तर आपण आधीच केलंय की," दोघं एकदम म्हणाले.

"आपण" त्या दिवसापुरतंच. दुसऱ्या दिवसापासून "मी"!

*

मैंदर्गीच्या एका पाटलांनी विचारलं, "आखूड असून जोर कसा काय?"

मी समजावलं, "लांब पुंगळीत दारू मागून पुढं पेटत जाते. बुटक्या, जाड पुंगळीत सगळी एकदम पेटते."

पाटलांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "कळलं. उंची कमी, भडका लई."

पाटलांना त्या दिवशी चहा मिळाला नाही.

*

बंदुकांच्या खोलीला दोन कुलपं. एक किल्ली यांच्याकडं, एक युसूफभाईंकडं. एकट्यानं उघडायचं नाही, हा दुकानाचा नियम. निवडणुकीपुरती आमच्याकडं जमा केलेली बंदूक परत न्यायला मोडनिंबचे शिंदे आले, तेव्हा दोघांचा अबोला. यांनी आपलं कुलूप काढलं, पाठ फिरवली. युसूफभाईंनी आपलं काढलं, पाठ फिरवली.

शिंदे हळूच म्हणाले, "वहिनी, बंदूक राहू द्या. हितलं वातावरण बघता रिकाम्या हातानं गेलेलं बरं."

*

मग भागीदारी मोडायची भाषा निघाली. माझ्या लग्नाआधीपासूनची दोस्ती, एकमेकांशिवाय जेवण न जाणारी माणसं, आणि वाटणीला वकील बोलावलेला. वकील यायच्या आधी दोघं माझ्याकडं वळले.

"भाभी, तुमी तितंच होत्या. खुदा को याद करके बोलो, पैले कौन बोल्या?"

"सांग," मालक म्हणाले. "तू म्हणशील ते मान्य."

मी म्हणाले, "दोघांत जो आधी मरंल, त्याच्या नावावर लावू पेटंट. बोला, कुणाला पायजे?"