एकाच हस्ताक्षरातले अर्ज

यांचं अक्षर सुंदर होतं आणि दुर्गच्या आमच्या खाजगी लॉ कॉलेजात ते सगळ्यांना ठाऊक होतं. हे तिथे श्रमकायदा शिकवत, मी वाचनालय सांभाळत असे. दर एप्रिलच्या अखेरीस स्टाफरूमच्या लांब टेबलाशी बसून हे सगळ्या स्टाफचे राजीनाम्याचे अर्ज लिहीत. मजकूर हिंदीत, ठरलेला: निजी कारणों से मुझे सेवामुक्त किया जाए. खाली ज्याची त्यानं सही करायची. मग मे-जून घरी आणि जुलैत नव्या नेमणुकीचं पत्र. अर्ज दिला नाही तर काय होईल, हे कुणी बोलून दाखवलं नव्हतं. एका वर्षी एका मॅडमनी दिला नाही, त्या परत दिसल्या नाहीत. तेवढं आम्हाला पुरलं.

दरवर्षी सेवा तुटली की ती सलग धरली जात नाही, हे यांना कळत नव्हतं असं नाही. वर्गात तेच शिकवत. मी एकदा विचारलं तेव्हा म्हणाले, "लोक अर्ज कसेही लिहितात, मग ऑफिस परत पाठवतं. माझं तासाभराचं काम आहे."

दिवाळीनंतर हे गेले.

फेब्रुवारीत यांचे एक सहकारी सर आमच्या सुपेल्याच्या घरी आले. ते पुरावा कायदा शिकवतात. मूळचे भंडाऱ्याकडचे, वडील भिलाईच्या स्टील प्लांटमध्ये होते. खाजगी लॉ कॉलेजांना आणि त्यांच्या स्टाफला सरकारनं समान अनुदान द्यावं, म्हणून आमच्या लोकांनी हायकोर्टात याचिका केली होती. अभ्यासक्रम तोच, परीक्षा तीच, सरकारी कॉलेजातल्या प्राध्यापकांशेजारी बसून आम्ही त्याच गठ्ठ्यातले पेपर तपासतो, असं त्यात म्हटलं होतं. आमच्या संस्थेनं उत्तर दिलं की हे लोक कायम नाहीतच, दरवर्षी स्वतःहून सोडून जातात.

"पुरावा म्हणून काय लावलं, माहीत आहे?" सर म्हणाले. "आमचेच अर्ज. सगळे आपल्या सरांच्या अक्षरातले."

मी चहा पुढे केला.

"वहिनी, तुमी एक शपथपत्र द्या. सरांवर दबाव होता, मॅनेजमेंट लिहून घेत होती, असं."

"दबाव नव्हता."

"आता ते कोण पाहून राहिलं?"

"सही माझी राहील ना."

"तुमी बी सरांसारख्याच. मी म्हणत जाओ, सर, तुमी श्रमकायदा शिकवता अन् आमाले कामावरून काढाचे कागद फुकटात लिहून देता. तर म्हणे, तू लिहिशील तर वाचताच येणार नाही, अन् राहशील पर्मनंट." ते हसले. मग भिंतीवरच्या फोटोकडे लक्ष गेलं आणि कप खाली ठेवला. जाताना त्या अर्जांच्या झेरॉक्स ठेवून गेले.

दबाव लिहिला तर ते खोटं. नाही लिहिला तर यांच्या अक्षरानं सगळे बुडणार. आणि काहीही लिहिलं तरी मला जुलैत पत्र येणार नव्हतं. पन्नाशी उलटलेल्या ग्रंथपाल बाईला दुसरीकडे कोण घेतो? काही दिवस मी त्या झेरॉक्सना हात लावला नाही.

एका रविवारी दुपारी त्या जमिनीवर मांडल्या. एका वर्षाचे एकवीस अर्ज. तारीख एक, वाक्य एक. गरोदर मॅडमचं निजी कारण आणि शिपायाचं निजी कारण शब्दाला शब्द सारखं. यांनी स्वतःचा अर्ज सगळ्यात शेवटी लिहिला असावा, कारण त्यात हात थकलेला दिसत होता आणि ओळी उजवीकडे उतरत गेल्या होत्या.

शपथपत्रात मी लिहिलं: माझ्या पतीवर कुणी दबाव आणला नाही. एकवीस जणांची निजी कारणं त्यांनी एकाच दिवशी, एकाच टेबलाशी बसून लिहिली. ती कारणं त्यांना कुणी सांगितली नव्हती, कारण कुणाला काही कारण नव्हतं. अर्ज न देणाऱ्याला परत घेत नसत, हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं. त्यांनाही.

दुर्गच्या कोर्टाबाहेर, टायपिस्टच्या टेबलाशी उभं राहून सरांनी ते दोनदा वाचलं.

"दबावापेक्षा हे भारी आहे," ते म्हणाले. "पण सरांले माहीत होतं, हे लिहाचं कावून?"

"माहीत होतं म्हणून."

"अन् तुमचं जुलैचं?"

मी सही केली. नोटरीनं शिक्का मारला.

एप्रिलमध्ये ऑफिसच्या बाबूनं छापील अर्ज पुढे केला. "मॅडम, बस दस्तखत." निजी कारण छापलेलंच होतं. असं कारण नसतं, हे मी शपथेवर सांगून बसले होते. कागद तसाच परत ठेवला. रांगेत माझ्या मागे सर होते. त्यांनी सही केली, बाबूचं 'हो गया, सर' ऐकू आलं. त्यांच्या दोन मुली शिकताहेत. मी वळून पाहिलं नाही, त्यांना खाली पाहावं लागू नये म्हणून.

जूनच्या शेवटी शिपाई घरी येऊन वाचनालयाच्या किल्ल्या घेऊन गेला. जुलैत सर आले. केसची पुढची तारीख सांगितली, त्यांना नेमणुकीचं पत्र आल्याचंही सांगितलं. बसा म्हटलं, तर दारातूनच म्हणाले, "नाही वहिनी, पीरियड आहे."