बाळंतिणीच्या खोलीत दोन डब्या

लेकीचं पहिलं बाळंतपण माहेरी, यात आमच्याकडे विचारायचं काही नसतं. दवाखान्यातून लेक आणि नातू वडीगोद्रीला घरी आले आणि मी सव्वा महिन्याची तयारी करून बसले. डिंक, खारीक, शेपा, मालिशवाली मावशी, सगळं जागेवर. तेवढ्यात पुण्याहून जावईबापूंचा फोन. कुठल्याशा गावात बंद खोलीत शेगडी ठेवून झोपलेली माणसं सकाळी उठलीच नाहीत, अशी बातमी त्यांनी वाचली होती.

"आई, मी दोन अलार्म पाठवतोय. एक धुराचा, एक विषारी गॅसचा. बसवून घ्या, नाहीतर मी दोघांना इकडे घेऊन येतो."

आवाज गोड, पण वाक्य बघा कसं होतं. सव्वा महिना व्हायच्या आत लेक आणि नातू उचलून नेणार, म्हणजे माझ्या तोंडचा घासच काढणार. डब्याच लावायच्यात ना, लावते म्हटलं. देव्हाऱ्यात लावा म्हणाले असते तरी लावल्या असत्या.

पार्सलमधून दोन पांढऱ्या गोल डब्या निघाल्या, चुन्याच्या डबीच्या थोरल्या बहिणी शोभाव्यात अशा. आमच्या गावात इलेक्ट्रिशियन म्हणजे हायवेवरचा मोटार रिवाइंडिंगवाला. पंचक्रोशीतल्या सगळ्या बोअरच्या मोटारी त्याच्या हाताखालून गेलेल्या. गव्हाला पाणी द्यायचे दिवस, त्यामुळे तो रोज 'उद्या येतो' म्हणायचा. शेवटी मीच त्याच्या दुकानापुढे जाऊन उभी राहिले.

"काकू, लोकायचा गहू वाळून राह्यला, अन् तुम्ही डब्या घेऊन आल्या?"

"गव्हाचं एक पीक जाईल. माझी लेक गेली तर वर्षभर तोंड दिसायचं न्हाई."

मग आला बिचारा. डबी उलटीपालटी करून म्हणाला, "याला स्टार्टर कुठंय?"

"अरे, हे पाणी उपसत न्हाई. हे ओरडतं."

"मंग भोंगा म्हणा ना. आता बराबर कळलं."

लेकीला आणि नातवाला मधल्या खोलीत हलवलं. स्वयंपाकघरात ताटली पडली तरी दचकणारा आमचा नातू, ड्रिलच्या आवाजाने त्याने घर डोक्यावर घेतलं. धुराची डबी छताला लागली, तिला पंख्याच्या कनेक्शनवरून वायर दिली. गॅसची डबी सेलवर चालणारी, ती भिंतीला खिळ्यावर अडकवली.

आमच्याकडे मिक्सर असो की मोटारसायकल, पूजेशिवाय नवी वस्तू वापरायला काढत नाहीत. मी स्टुलावर चढले, छताच्या डबीला हळदकुंकू लावलं आणि खालून उदबत्ती ओवाळली. डबीने असा काही गळा काढला की मी स्टुलावरून थेट इलेक्ट्रिशियनच्या अंगावर! मालिशवाली मावशी पदर तोंडाला लावून हसत सुटली. "लगेच पावला की वं तुमचा देव!"

यंत्र चालतं, याची खात्री झाली. लेक आणि नातू परत खोलीत आले. बाळ-बाळंतिणीच्या रोजच्या शेकासाठी मावशीने अंगणात शेगडी पेटवून ठेवलीच होती. धूर पूर्ण जाऊ द्यायचा, निखारे लाल झाले की मगच शेगडी आत न्यायची, ही आमची पिढीजात खबरदारी. शेगडी बाजेखाली सरकवली, खिडकीच्या फटीत गोधडी कोंबली, दार लावलं आणि आम्ही तिघं ओसरीवर चहाला बसलो.

चहा संपला असेल नसेल, तर आत भिंतीवरची डबी ओरडायला लागली. धावत गेलो. धुराचा पत्ता नाही, छतावरची डबी मुकाट बसलेली.

"काकू, हा पीस खराब निघाला," इलेक्ट्रिशियन म्हणाला. "धूर न्हाई, काही न्हाई, अन् बिनकामाचं ओरडून राह्यलं."

त्याने ती खिळ्यावरून काढून अंगणात आणली. थोड्या वेळाने ती गप्प झाली. आत नेली, जरा वेळ गेला आणि पुन्हा भोंगा. बाहेर आणली, गप्प. किरकिऱ्या लेकराला फिरवावं तसा तो तिला आतबाहेर फिरवत होता आणि आम्ही दोघी हसत होतो. मावशी म्हणाली, तिची दृष्ट काढा.

बाजेवरून लेक म्हणाली, "तिला बाहेर नेलं की बरं वाटतं, तसं मलाबी एकदा बाहेर न्या. मी रोजच सांगून राह्यले, शेगडी आली की डोकं गच्च होतं. तुम्ही म्हणता वारं लागलं, अन् खिडकी आणखी बंद करता."

मी नातवाकडे पाहिलं. कानाशी भोंगा वाजत होता आणि ताटलीला दचकणारं पोर गाढ झोपलेलं. त्याला उचलून मी अंगणात पळाले, मागोमाग लेकीला धरून मावशी. थंड हवा लागताच त्याने टाहो फोडला, तेव्हा कुठे माझ्या जिवात जीव आला. इलेक्ट्रिशियनने खिडकीतली गोधडी ओढून काढली आणि शेगडी बाहेर आणली. "गावातली निम्मी लेकरं मी अशीच शेकली," मावशी हळूच म्हणाली आणि स्वतःच तांब्याभर पाणी निखाऱ्यांवर ओतलं.

लगेच गाडी करून दोघांना अंबडला डॉक्टरांना दाखवलं. त्यांचा पहिला प्रश्न, "घरात शेगडी आहे की गॅस गिझर?" दोन्हीतून निघणाऱ्या विषारी गॅसला ना वास ना रंग, म्हणाले, आणि बंद बाथरूममधला गिझरही तेवढाच वाईट. वेळेत बाहेर काढलं म्हणून माय-लेकरू ठीक होतं.

परत आल्यावर मावशी म्हणाली, "जावयाला सांगू नका वं. लगेच घेऊन जातील." तिचं खरंच होतं. न सांगता सव्वा महिना निघाला असता. पण लेकरू त्यांचंही होतं, आणि डबी त्यांनी पाठवली म्हणून ते हातात होतं. मी फोन लावला आणि सगळं सांगितलं.

जावईबापूंनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "आई, मी उद्याच न्यायला येतो."

मी विचारलं, "तुमच्याकडं ही डबी कुठल्या खोलीत बसवलीय?"

"आमच्याकडे कशाला, आई? फ्लॅटमध्ये कुठे शेगडी असते? फक्त बाथरूममध्ये गॅस गिझर आहे."

जावयाला तोंडावर बोलायची आमच्यात रीत नाही. मी बोलले. "मंग लेक इथंच राहील. आधी तुमच्या घरी इलेक्ट्रिशियन बोलवा, मंग न्यायला या. अन् तोवर गिझर बिलकुल लावायचा न्हाई. माझ्या लेकीला नवरा पाहिजे."

तिकडून अगदी बारीक आवाजात, "आई, पण इकडे फार थंडी आहे हो."

"इकडं काय कमी हाय? आम्ही शेगडी विझवलीच ना."