रिखेन्झाला येणारी हाक

वेरा नदीकाठच्या मठात रिखेन्झा आली, तेव्हा तिचे दुधाचे दात पडत होते. आई बाळंतपणात गेलेली, बाप घोड्यांची जीनं शिवायचा, आणि त्याच्या नव्या बायकोला ही पोर घरात नको होती. मठात ती स्तोत्रं म्हणायला शिकली. आवाज बेताचा, बोलणं त्याहून बेताचं.

विशीच्या आत असताना एकदा पहाटेच्या प्रार्थनेत तिला कुणीतरी नावानं हाक मारली. घरातलं माणूस मारतं तशी, मायेनं. हाडांपर्यंत ऊब भरली आणि ती उभ्या जागी रडू लागली. मग ती हाक वरचेवर येऊ लागली. कधी दोन शब्दही यायचे. मठमाता कुनिगुंडेनं ही गोष्ट बाहेर जाऊ दिली. लोक यायला लागले. लोखंडी जाळीपलीकडे बसून आपल्या मेलेल्या माणसांची खुशाली विचारू लागले.

एका वर्षी ईस्टरच्या आधीच्या उपवासात हाक थांबली. रिखेन्झानं वाट पाहिली, उपास वाढवले, थंड फरशीवर पडून राहिली. काही नाही.

त्याच सुमारास हाइलविग नावाची विधवा आली. तिचा नवरा लाकडाचे तराफे नेताना बुडाला होता. मरण्याआधी पापकबुली झालेली नव्हती, त्यामुळे त्याच्या आत्म्याचं काय झालं याचा तिला घोर होता.

"कुठं आहे तो, बाई? एवढंच सांगा."

"मला ठाऊक नाही," रिखेन्झा म्हणाली. "मला आता काही ऐकू येत नाही."

हाइलविग उठून निघून गेली. मठमातेनं मात्र रिखेन्झाला बोलावून घेतलं.

"दोन शब्द बोलली असतीस तर तुझं काय गेलं असतं?"

"ते माझे शब्द असते, माते. तिनं ते देवाचे म्हणून घरी नेले असते."

त्यानंतर लोक येईनासे झाले. भोजनघरात अडेला नावाची एक जोगीण मुद्दाम ऐकू जाईल असं म्हणायची, "आपल्या संतबाईंचा देव रुसलाय. भाजीत मीठ कमी पडलं असेल." बाकीच्या तोंडावर हात धरून हसायच्या. रिखेन्झाला धुण्याच्या कामाला लावलं. तिथं बोलायला कुणी नव्हतं, तिला ते बरंच वाटलं. प्रार्थनेची घंटा झाली की ओल्या हातांनी ती आपल्या जागी जाऊन उभी राहायची. स्तोत्र संपलं की क्षणभर कान द्यायची. मग परत धुण्याकडे.

दुसऱ्या वर्षी शरदात हाइलविग पुन्हा आली.

"आजही मला काही सांगता येणार नाही," रिखेन्झा आधीच म्हणाली.

"विचारायला नाही आले. आमचा पाद्री सांगतो तो आगीत आहे, सासू सांगते स्वर्गात आहे. ठाऊक नाही म्हणणाऱ्या तुम्ही एकट्याच. म्हटलं, तुमच्याजवळ बसावं जरा."

दोघी जाळीच्या दोन बाजूंना बसल्या. हाइलविगनं आणलेली सुकी नाशपाती दोघींनी खाल्ली. मग दर शरदात ती यायची. एका शरदात आली नाही, पुढच्याही नाही. ती मेली, की दुसरीकडे कुठं नांदायला गेली, हे रिखेन्झाला कधीच कळलं नाही. हाइलविगच्या बुडालेल्या नवऱ्यासाठी ती रोज प्रार्थना करायचीच, आता त्याच्या नावाशेजारी हाइलविगचंही नाव घेऊ लागली.

म्हातारपणी तिचे गुडघे गेले. तरी ती भिंत धरून प्रार्थनेला यायची. अडेलाही तोवर थकली होती. एकदा तिनं हळूच विचारलं, "परत आली का गं कधी ती हाक?"

"नाही."

"मग एवढी रोज येतेस कशाला?"

"त्यानं बोलावलं होतं ना," रिखेन्झा म्हणाली, "जा असं काही म्हणाला नाही."

त्या हिवाळ्यात ती गेली. अडेलानं तिचे डोळे मिटले.